व्हीलचेअरवरून स्वयंपाक करायचा तर ओटा कसा हवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात, एका जुन्या पेठेत राहते. मणक्याला मार बसल्यापासून अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं घरचा स्वयंपाक माझ्याकडं आहे. धाकटे दीर, आमचे भाऊजी, उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतात. आमचा ओटा आम्ही दोघांनी दोनदा मोडून तिसऱ्यांदा बांधला. तेव्हापासून लोक घरी येऊन बघतात, मापं घेतात, फोनवर विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. आकडे फुटांत आणि इंचांत दिलेत, कारण गवंडी आणि सुतार त्यातच बोलतात.

सुरुवात कुठून करायची? मॉड्युलर किचनवाल्याला बोलवू का?

आधी नको. आधी स्वतःचं माप घ्या. आमचा पहिला ओटा एका मिस्त्रीनं कुठल्याशा तक्त्यातून उंची बघून बांधला. ओटा दिसायला सुरेख होता, पण खुर्ची आत गेलीच नाही. हाताच्या टेकूची टोकं ओट्याच्या कडेला अडायची आणि गुडघे बाहेरच राहायचे. मी वर्षभर आडवी बसून, कंबर पिळून कांदा चिरत होते.

रोजच्या खुर्चीवर, रोजच्या गादीवर, पायात रोजची चप्पल घालून बसा. गादी महत्त्वाची आहे, कारण दोन इंचांची गादी चार इंचांची झाली की सगळी मापं बदलतात. मग कुणाकडून तरी चार मापं घ्या. जमिनीपासून मांडीच्या सगळ्यात उंच भागापर्यंत. जमिनीपासून हाताच्या टेकूच्या माथ्यापर्यंत. हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवल्यावर जमिनीपासून कोपरापर्यंत. आणि पाठ न उचलता हात पुढं किती जातो ते. चारही आकडे भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. ओटा या आकड्यांवरून निघतो, तक्त्यावरून नाही.

मग विटा रचून त्यावर प्लायची फळी टाका आणि आठवडाभर त्या फळीवर खरोखर काम करा. भाजी चिरा, पीठ मळा, ताट वाढा. एक वीट काढून बघा, एक चढवून बघा. या आठवड्याला फारसा खर्च येत नाही आणि ग्रॅनाइट पुन्हा कापायची वेळ येत नाही.

तरी पण उंची साधारण किती धरायची?

उभ्यानं काम करणाऱ्यांचा आपल्याकडचा ओटा ३२ ते ३४ इंच असतो. खुर्चीवरून काम करणाऱ्या बहुतेकांना २९ ते ३१ इंचांचा सोयीचा पडतो. पण खरी अडचण वरच्या उंचीची नाही, जाडीची आहे. मांडी वर येते, कोपर खाली येतं आणि ओट्याला या दोघांच्या मधल्या चार-पाच इंचांत बसायचं असतं. माझी मांडी २५ इंचांवर. ओट्याची खालची बाजू २७ वर आणि वरची २९ वर. म्हणजे दगड, सांगाडा सगळं मिळून दोन इंच. खाली कडप्पा, वर ग्रॅनाइट असा नेहमीचा जोड दीड इंचाच्या आसपास जातो आणि त्याला आधाराला उभे कडप्पे लागतात, ते नेमके गुडघ्यांच्या आड येतात. म्हणून आम्ही लोखंडी अँगलचा सांगाडा भिंतीत रोवला आणि त्यावर एकच ग्रॅनाइट टाकला. खाली पाय नाही, पाट नाही.

ओट्याखाली मोकळी रुंदी किमान अडीच फूट ठेवा, तीन असली तर खुर्ची जरा तिरकी करून बसता येतं. खोली गुडघ्यांसाठी १९-२० इंच लागते. पावलं त्याच्याही पुढं जातात, म्हणून तळाशी भिंतीपर्यंत काहीच ठेवू नका.

हाताच्या टेकूचं काय, असं पुढचा प्रश्न असतोच. पुढून पायरीसारखे कापलेले टेकू मिळतात, ते ओट्याखाली जातात. काही खुर्च्यांचे टेकू निघतातही. नवी खुर्ची घेणार असाल तर हे आधी विचारा.

भाकरी थापता येते का?

येते. या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण आमच्याकडं भाकरीशिवाय जेवण नाही.

भाकरी थापायला जोर वरून खाली लागतो. उभं राहून किंवा खाली बसून थापताना अंगाचं वजन तळव्यातून उतरतं. खुर्चीवर तो जोर खांद्यातून काढावा लागतो, म्हणून चिरायच्या उंचीवर भाकरी थापली की दोन भाकऱ्यांत खांदा भरून येतो. थापायची जागा चिरायच्या जागेपेक्षा दोन-तीन इंच खाली हवी. आम्ही ओट्याखालून पुढं ओढायचा पाट केला आहे, जाड सागवानी फळीचा, भक्कम चॅनेलवरचा. त्याच्या मधोमध गोल भोक पाडलं आहे. काठवट त्यात इंचभर बसते. काठवटीचा तळ मांडीला लागत नाही ना, ते आधी बसून बघितलं. त्यामुळं काठवट जागची हलत नाही, आणि एका हातानं फिरवत दुसऱ्यानं थापता येतं.

हे सगळं झाल्यावर मी हौसेनं ज्वारीचं पीठ मळलं, गोळा घेतला, पहिली थाप मारली आणि खुर्ची वीतभर मागं सरकली. ब्रेक लावलेले होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पुन्हा एकदा मारा बघू," आणि खाली वाकून चाकाकडं बघत बसले. चाकात हवा कमी होती. ब्रेकचा दांडा टायरला टेकत होता, पण पकडत नव्हता. हवा भरली तेव्हा चाक थांबलं, पण आता अख्खी खुर्चीच गुळगुळीत फरशीवरून घसरायला लागली. शेवटी ओट्यापुढची फरशी बदलून खरखरीत घातली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा हवा बघते. पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळवून ब्रेक लावायचे, म्हणजे पुढं वाकताना खुर्ची जास्त स्थिर राहते. तुमच्याकडं चपात्या असतील तर कणीक मळतानाही हेच होतं.

शेगडी कुठं ठेवायची?

दाराजवळ नको. हे पहिलं आणि न बदलणारं. पेट घेतला तर आग तुमच्या आणि दाराच्या मध्ये येता कामा नये. उभा माणूस उडी मारून निघेल, आपल्याला खुर्ची वळवायला पाच फुटांचा घेर लागतो.

दुसरं, शेगडीच्या खाली गुडघे घालून बसू नका. पुष्कळ ठिकाणी तसं बांधतात आणि खालून उष्णतारोधक पत्रा लावतात. पायाला संवेदना असणाऱ्यांचं त्यावर भागत असेल. माझ्यासारख्या, पायाला चटका बसलेला न कळणाऱ्या माणसासाठी मला ते पटत नाही. वरून आमटी सांडली तर ती थेट मांडीवर येते. आम्ही गुडघ्यांची मोकळी जागा मधे ठेवली, तिच्या उजवीकडं शेगडी, डावीकडं सिंक. बसायचं मधे आणि उजवा हात शेगडीवर.

याचा एक मोठा फायदा नंतर लक्षात आला. शेगडीच्या खाली गुडघे जायचे नाहीत, म्हणजे तेवढा भाग हवा तितका खाली घेता येतो. टेबलावरची साधी शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, तिच्यावर सात-आठ इंचांचं पातेलं ठेवलं की बसलेल्या माणसाला आतलं दिसतच नाही, वाफ मात्र सरळ तोंडावर येते. आमचा शेगडीचा भाग २४ इंचांवर आहे. त्यामुळं बर्नरचा माथा बाजूच्या ओट्याच्या जवळपास सपाटीला येतो. पातेलं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. तांबड्या रश्श्याचं भरलेलं पातेलं मी अशीच ओट्यावर घेते.

दोन बर्नरची, शेजारी शेजारी बर्नर असलेली शेगडी घ्या. मागं तिसरा बर्नर असला की पुढच्या जाळावरून हात न्यावा लागतो. कॉक पुढच्या बाजूला हवेत. जाळ विझला की गॅस आपोआप बंद होणारी शेगडी मिळते. परवडत असेल तर तीच घ्या. उंच पातेल्यांऐवजी पसरट, बुटकी भांडी वापरा. कुकरची शिट्टी उभ्या माणसाच्या छातीखाली सुटते, आपल्या तोंडासमोर सुटते. कुकर लांबच्या बर्नरवर ठेवा आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

गॅस बरा की इंडक्शन?

माझ्याकडं दोन्ही आहे. इंडक्शनला जाळ नाही, पदर पेटायची भीती नाही आणि वर सपाट काच असल्यानं भांडं सहज सरकतं. पण भांड्याच्या उष्णतेनं काच तापते आणि बंद केल्यावरही काही वेळ गरम राहते, हे विसरू नका. बुडाला लोहचुंबक चिकटेल तीच भांडी त्यावर चालतात. पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भाकरी फुगवायला मला जाळच लागतो, म्हणून गॅस ठेवला आहे.

स्वयंपाकघरातला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला की जमिनीलगत साचतो, आणि आपण उभ्या माणसापेक्षा जमिनीच्या जवळ असतो. म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही. खालून हवा जाईल अशी जाळी किंवा दाराखाली फट हवी. पाइपचा गॅस आलेल्या भागात उलटं आहे, तो हलका असतो आणि वर चढतो.

वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. कॉक आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग १९०६ ला फोन लावा. फोन खुर्चीच्या पिशवीतच असू द्या, फ्रीजवर नको.

सिलिंडर ओट्याखालीच ठेवावा लागतो ना?

नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात जातो. तो ओढायचं काम आपलं नव्हेच. आमचा परसात आहे, तिथून तांब्याची नळी आत आली आहे. हे काम एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं, गल्लीतल्या प्लंबरकडून नाही. बंद करायचा कॉक बसल्या जागी हाताला येईल तिथं मागून घ्या. सिलिंडर आतच ठेवावा लागला तर उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असू द्या आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदला, वरून चांगली दिसत असली तरी.

गरम भांडं मांडीवर ठेवून टेबलापर्यंत नेलं तर चालेल का?

नाही. कधीच नाही. पहिल्या वर्षी मी भाताचं पातेलं टॉवेलवर ठेवून मांडीवरून नेलं. दहा पावलांचं अंतर. दुखलं नाही, म्हणून काही झालं नाही असंच वाटलं. संध्याकाळी कपडे बदलताना सासूबाईंना फोड दिसला, तळहाताएवढा. तो भरायला अडीच महिने लागले, कारण संवेदना नसलेल्या भागात जखम हळू भरते.

न्यायचंच असेल तर मांडीवर कडा असलेला लाकडी ट्रे, त्यात भांडं, आणि तेही कोमट झालेलं. त्याहून बरं म्हणजे चाकांचं छोटं टेबल, एका हातानं पुढं ढकलत न्यायचं. सगळ्यात बरं म्हणजे नेण्याची वेळच येऊ नये. आमच्याकडं ताटं ओट्यावरच वाढतात आणि ज्याचं ताट तो घेऊन जातो.

भाजलं तर कळत नाही. मग काय काळजी घ्यायची?

स्वयंपाक झाल्यावर मांड्या, पोटऱ्या, पावलं डोळ्यांनी बघायची. छोटा आरसा ठेवा. भाजलेलं दिसलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. संवेदना नसलेल्या भागावर लहान फोड आला तरी डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना मणक्याची इजा छातीच्या मधल्या भागात किंवा त्याच्या वर झाली आहे, त्यांच्या घरच्यांनी एक लक्षात ठेवावं. न जाणवणाऱ्या चटक्यानंही रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो. अचानक कपाळ ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर आधी सरळ बसवा, घट्ट कपडे सैल करा आणि लगेच दवाखान्यात न्या.

सिंक कसं असावं?

उथळ. पाच-सहा इंच खोलीचं, भोक मागच्या बाजूला असलेलं, म्हणजे पाइप भिंतीलगत जातो आणि गुडघ्यांना जागा मिळते. आपल्याकडं नऊ-दहा इंची खोल सिंकची आवड आहे, त्याच्याखाली खुर्ची बसत नाही. गरम पाण्याचा पाइप आणि खालचा सांडपाण्याचा पाइप फोमची नळी घालून झाका. उघडा गरम पाइप पायाला टेकून भाजलेली माणसं मी बघितली आहेत.

नळ दांड्याचा, मनगटानं ढकलता येणारा. तो सिंकच्या मागं न लावता बाजूला लावा, हात कमी ताणावा लागतो. ओढून लांब करता येणारा नळ मिळाला तर पातेलं ओट्यावर ठेवूनच भरता येतं. गीझर ५० अंशांच्या खाली ठेवा. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतं.

आणि माठ. तोटी लावा, दीड-दोन फुटांच्या तिवईवर ठेवा. वाकून ओगराळं घालायला नको.

आमच्या किचनचं दार अडीच फुटांचं आहे आणि उंबराही आहे.

पेठेतल्या जुन्या घरांत हे हमखास असतं. मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट, हवी. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्य इमारतींच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेच माप आहे. पण अडीच फुटांतून बहुतेक खुर्च्या जेमतेम जातात, फक्त बोटं सोलतात. आधी दाराची फळीच काढा. किचनला दार नसलं तर काय बिघडतं? फळीची जाडी गेली की दीड-दोन इंच मोकळे होतात. चौकट काढून भिंत कापायची असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. जुन्या घरांच्या भिंतींवर माडीचा भार असतो.

उंबऱ्याला तोडायला घरची मोठी माणसं तयार होत नाहीत, आणि मला ते समजतं. आम्हीही तोडला नाही. तीन इंचांच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन फुटांचा उतार दिला, एक इंचाला एक फूट या हिशोबानं. उंबऱ्यावर सणाला हळद-कुंकू लागतं आणि माझी खुर्चीही जाते.

आठ बाय दहाच्या किचनमध्ये खुर्ची फिरेल का?

फिरेल, ओटा दोन्ही बाजूंना नसला तर. पूर्ण वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. आठ फुटांतून ओट्याचे दोन फूट गेले की सहा उरतात. ओट्याखाली मोकळं असेल तर पावलं तिथंही जातात, म्हणजे आणखी जागा मिळते. एल आकाराचा सलग ओटा सगळ्यात चांगला. समोरासमोर ओटे घालून मधे साडेतीन फूट ठेवलेत तर आत जाल, पण उलटं यावं लागेल. पायपुसणी काढून टाका, चाकात अडकतात.

डबे आणि मसाल्यांचं काय?

जमिनीपासून सव्वा फूट ते चार फूट, हा आपला पट्टा. रोजचं सगळं यात. वरच्या कपाटांत दिवाळीची भांडी ठेवा. फळीच्या कपाटात मागचा डबा काढायला पुढचे चार उतरवावे लागतात, म्हणून कपाटांऐवजी ट्रॉल्या करा, पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलच्या. ट्रॉल्यांच्या खाली तळाशी नऊ इंच उंच, सहा इंच खोल खाच सोडा, खुर्चीचं पायदान त्यात जातं आणि माणूस वीतभर जवळ येतो. सुतार ही खाच विसरतात. आधी सांगा, मधे सांगा, आणि ट्रॉल्या बसवायच्या दिवशी पुन्हा सांगा.

कांदा-लसूण चटणीची वर्षाची बरणी चिनी मातीची, जड असते. ती हलवू नका. महिन्यापुरती चटणी छोट्या रुंद तोंडाच्या डब्यात कुणाकडून तरी काढून घ्या.

सासूबाई उभ्यानं स्वयंपाक करतात. दोघींना एकच ओटा कसा चालेल?

एकच ओटा दोघींनाही त्रासाचा होतो. दोन उंच्या करा. माझा पाच-सहा फुटांचा भाग खाली आहे, उरलेला ३३ इंचांवर, तिथं सासूबाई चहा करतात आणि भाजी निवडतात. जागा कमी असेल तर किमान तीन फुटांचा तुकडा खाली घ्या. स्क्रूनं वर-खाली होणारा सांगाडाही करून मिळतो, पण रोज कुणी फिरवत नाही असा माझा अनुभव आहे.

घरचे म्हणतात, "तू कशाला करतेस, आम्ही आहोत की." त्यांना काय सांगू?

मला दोन वर्षं हेच ऐकावं लागलं, आणि मायेनंच. त्या दोन वर्षांत मला पाणी प्यायचं तरी कुणाला तरी हाक मारावी लागत होती. मी वाद घातला नाही. म्हटलं, फक्त चहाचं सामान आणि इंडक्शन माझ्या उंचीवर आणून द्या. आठ दिवस मी सगळ्यांना चहा करून दिला. नंतर यांनीच भाऊजींना ओट्याचं सांगितलं. तुमच्याही घरी चहापासून सुरुवात करा.

कोल्हापूरला हे नवं नाही. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथंच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाईनं उभं केलेलं काम या गावानं इतकी वर्षं बघितलं आहे. घरातल्या ओट्यापर्यंत ते अजून पुरेसं पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

मी खुर्ची बाहेर वापरते, घरात खालीच बसून स्वयंपाक करते. तसं चालेल?

चालेल, पण खाली गॅसची शेगडी नको. गळलेला गॅस जिथं साचतो तिथंच तुम्ही बसलेल्या असता. खाली बसायचं तर चौरंगावर इंडक्शन ठेवा, आणि वायर जाण्या-येण्याच्या वाटेवरून नको.

एका हातात ताकद कमी आहे.

चिरायच्या पाटाला दोन स्टीलचे खिळे उलटे ठोकून घ्या. कांदा, बटाटा त्यात खोचला की एका हातानं चिरता येतो. वापर झाला की खिळ्यांवर बुचं लावा. पाटाखाली ओलं फडकं टाका, म्हणजे तो सरकत नाही. खवणी टेबलाला आवळून बसवायची मिळते. विळी मात्र मांडीजवळ घेऊ नका.

मिक्सर, स्विच, चिमणी?

मिक्सर एकदाच जागेवर ठेवायचा, उचलायचा नाही, आणि कमी उंचीवर, कारण झाकण वरून दाबावं लागतं. स्विचबोर्ड ओट्याच्या मागच्या भिंतीवर असला तर हात जाळावरून जातो. तो ओट्याच्या पुढच्या पट्टीवर किंवा बाजूच्या भिंतीवर घ्या, सिंकपासून लांब. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवाच. चिमणी रिमोटची.

साडी, गाऊन की ड्रेस?

सुती, अंगाबरोबर बसणारं काहीही. पदर आणि ओढणी दोघींनाही दोन धोके, वर जाळ आणि खाली चाक. पिन लावा किंवा काढून ठेवा. नायलॉनचा गाऊन नको, तो पेटला की वितळून कातडीला चिकटतो. वरून जाड सुती एप्रन, गुडघ्यांच्या खाली जाईल इतका लांब. आणि स्वयंपाक कितीही घाईचा असला तरी अर्ध्या तासातून एकदा बूड उचलून किंवा बाजूला झुकून दाब मोकळा करा.

भाड्याचं घर आहे, फोडाफोड करता येत नाही.

लोखंडी चौकटीचं टेबल करून घ्या, तुमच्या मापाचं, चार फुटांचं, वर ग्रॅनाइटचा तुकडा. त्यावर इंडक्शन, पाट, परात. सिंकची सोय म्हणून प्लास्टिकचं उथळ टब आणि शेजारी तोटीची टाकी. घर बदललं की सगळं टेम्पोत चढतं. ओळखीच्या एका मुलीनं तीन घरं असंच टेबल नेलं.

सरकारी मदत मिळते का?

ओट्यासाठी म्हणून वेगळी योजना माझ्या वापरात आलेली नाही. पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असू द्या, पुढचं सगळं त्यावरून होतं. खुर्ची आणि साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं.

आमच्याकडं पुराचं पाणी येतं. वेगळं काय करावं?

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितला त्यांना हे विचारावंच लागतं. पूररेषेत घर असेल तर ओट्याखाली प्लायवूड वापरूच नका, फुगून ट्रॉल्या अडकतात. स्टील, ॲल्युमिनियम, दगड वापरा. खालचे प्लग पॉइंट वेगळ्या एमसीबीवर घ्या, म्हणजे पाणी यायच्या आधी तेवढेच बंद करता येतात. सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधा, पाण्यावर तरंगतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शेजारी ४३ ची वाट बघतात. आपण ३९ ला निघायचं, दिवसाउजेडी, रस्त्यावर पाणी नसताना. रस्त्यावर वीतभर पाणी आलं की चाकाला खड्डा दिसत नाही. मी जुलै लागला की खुर्चीच्या मागच्या पिशवीत औषधं, कॅथेटर, कार्डाची झेरॉक्स, चाकाचा हवेचा पंप आणि एक उथळ पातेलं घालून ठेवते. जिथं जाऊ तिथल्या ओट्याला हात पोचेल याची खात्री नसते, पण पातेलं आणि एक विटेची चूल खाली मांडली तर भात तरी होतो.